पहिला साप, पहिली पेटी: कॉर्न स्नेकसाठी ऊब कशी लावायची

सकाळी शेताच्या बांधावर ऊन खात पडलेली धामण भर दुपारी तिथे सापडत नाही. तेव्हा ती दगडाच्या कपारीत किंवा झुडपाच्या सावलीत असते. माणसाचं शरीर खाल्लेल्या अन्नातून स्वतःची ऊब तयार करतं. सापाला ती बाहेरून घ्यावी लागते आणि पुरेशी झाली की तिच्यापासून दूर सरकावं लागतं. पाळीव सापाची पेटी लावायची म्हणजे ही सरकण्याची सोय सव्वा मीटर लांबीत बसवायची. म्हणूनच ‘पेटीत किती तापमान ठेवू?’ याला एका आकड्याचं उत्तर नसतं. एक टोक गरम, दुसरं थंड आणि मधे हळूहळू उतरत जाणारी ऊब, एवढं जमलं की बाकीचं साप स्वतः बघतो.

इथे आपण कॉर्न स्नेकची पेटी लावणार आहोत. हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. अंगावर केशरी-तांबूस ठिपके, पूर्ण वाढल्यावर लांबी साधारण ९० ते १५० सेंटिमीटर, आणि नीट सांभाळला तर आयुष्य १५ ते २० वर्षं. शांत असतो, खायला कटकट करत नाही आणि तापमानातली थोडीफार चूक सोसतो. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पहिला साप म्हणून लोक हाच घेतात, आणि तो सल्ला आम्हालाही पटतो.

आधी कायद्याचं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार धामण, नाग, अजगर, दिवड असे आपल्याकडचे साप घरात ठेवणं गुन्हा आहे. शेतात सापडलेलं पिल्लू ‘थोडे दिवस’ पेटीत ठेवणंही त्यातच आलं. अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात. हवाईत कुठलाच साप पाळता येत नाही. जॉर्जियात कॉर्न स्नेक हा तिथला रानटी साप असल्याने पाळायला बंदी आहे. न्यू जर्सीत तो पाइन बॅरन्सच्या रानात आढळतो आणि तिथे संकटग्रस्त गणला जातो, त्यामुळे पाळायचा तर राज्याचा परवाना लागतो. न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांनी पिल्लू पसंत करण्याआधी हा परवाना बघावा.

आता आकडे. गरम टोकाला दिव्याखाली जो सपाट दगड किंवा लाकूड असेल, त्याचा पृष्ठभाग ३१ ते ३२ अंश सेल्सिअस हवा, म्हणजे ८८ ते ९० फॅरनहाइट. त्या टोकाची हवा २७ ते २९. थंड टोक २२ ते २४, म्हणजे ७२ ते ७५ फॅरनहाइट. रात्री दिवा बंद झाल्यावर सगळी पेटी २० ते २२ पर्यंत उतरली तरी हरकत नाही. रानात रात्र गारच असते. खोली १८ च्या खाली जात असेल तरच रात्रीची वेगळी सोय करा.

या आकड्यांमागचं कारण सापाच्या पोटात आहे. साप उंदीर न चावता, केसांसकट, अख्खा गिळतो. तो पचवणारे रस उबेतच नीट काम करतात. अंग गार राहिलं तर पचन मंदावतं, आतलं भक्ष्य पचण्याआधी कुजू लागतं आणि दोन-तीन दिवसांनी साप ते ओकून टाकतो. नव्या पाळणाऱ्याला वाटतं उंदीर खराब होता. बहुतेक वेळा दोष गरम टोकाचा असतो, किंवा खाल्ल्यावर लगेच हातात घेतल्याचा. ओकल्यावर १० ते १४ दिवस काहीही देऊ नये, कारण पोटातल्या आम्लाने अन्ननलिका दुखावलेली असते. त्यानंतरचं पहिलं भक्ष्य नेहमीच्या निम्म्या आकाराचं द्यावं.

थंड टोकाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि तिथेच खरा धोका आहे. थंडीने साप हळूहळू आजारी पडतो, तुम्हाला सावरायला आठवडे मिळतात. उष्णतेतून बाहेर पडायला जागा नसेल तर तो काही तासांतही मरू शकतो. पूर्ण पेटी ३२ अंशांवर ठेवणं हे प्रेमापोटी केलेलं असलं तरी त्या जिवाला सावली नसलेल्या उन्हात बांधून ठेवण्यासारखं आहे.

असा उतार मिळायला लांबी लागते. वाढलेल्या सापासाठी १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच ही पेटी धरून चाला. ३०-४० सेंटिमीटरच्या डब्यात एका टोकाला दिवा लावला की दुसरं टोकही तापतं. पिल्लू वीस-तीस सेंटिमीटरचं असतं, त्याला ६० बाय ४५ ची पेटी वर्षभर पुरते. मोठ्या पेटीत पिल्लू घाबरतं असं सांगतात. ते घाबरतं ते उघड्यावर. मोठी पेटी पानांनी, सालींनी आणि बिळांनी भरून टाकली की तेच पिल्लू तिथे निवांत राहतं.

काचेची पेटी सहज मिळते, पण वरच्या जाळीतून ऊब आणि ओल दोन्ही निघून जातात. जाळीचा दोन तृतीयांश भाग अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने झाकला तर बराच फरक पडतो. दिव्याखालचा भाग मोकळाच ठेवा. चिकटपट्टी जाळीच्या वरूनच लावायची. आतून सुटलेल्या पट्टीला साप चिकटला तर खवले सोलले जातात. पीव्हीसीची पेटी महाग पडते, पण ऊब धरून ठेवते आणि वजनाला हलकी असते. गार प्रदेशात राहत असाल तर तीच घ्या. पेटी कसलीही असो, फटी तपासा: पेन्सिल शिरेल एवढी फट पिल्लाला पळायला पुरते. झाकणाला चारही बाजूंनी क्लिपा आणि सरकत्या काचेला कुलूप, हे साप येण्याआधी. खिडकीचं ऊन, हीटरची झोत येणारी जाळी, बाहेरच्या दाराचा वारा यांच्यापासून पेटी लांब ठेवा. काचेवर तासभर थेट ऊन पडलं तरी आतली हवा जीवघेणी तापते, आणि तेव्हा कुठलंही यंत्र मदतीला येत नाही.

ऊब कशाने द्यायची? आमचं मत स्पष्ट आहे: दिवसा वरून हॅलोजन दिवा. त्याची ऊब सूर्यासारखी वरून येते, कातडीखाली थोडी खोल पोहोचते आणि खालचा दगडही तापवते. छोट्या पेटीला ४० ते ५० वॉट, मोठीला ७५ ते १०० वॉट पुरतात. नेमकं किती, ते खोली किती गार आहे यावर. दिवा आणि दगड यांच्यात २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवून सुरुवात करा. दगड पाच सेंटिमीटर वर उचलला तरी तापमान चांगलंच चढतं, म्हणून मांडणी बदलली की मोजणी पुन्हा करायची. होल्डर चिनीमातीचाच घ्या, प्लास्टिकचा वितळतो. दिवा पेटीच्या आत असेल तर त्याला तारेची जाळी हवीच, कारण साप उबेसाठी थेट काचेच्या बल्बला वेढा घालतो आणि भाजतो.

रात्रीसाठी, गरज असेल तरच, उजेड न देणारा डीप हीट प्रोजेक्टर किंवा सिरॅमिक हीटर. सिरॅमिक हीटर हवा कोरडी करतो आणि त्याचा पृष्ठभाग हात लावता येणार नाही इतका तापतो. त्यालाही जाळी हवी. ‘रात्रीचा’ म्हणून विकला जाणारा लाल किंवा निळा दिवा घेऊ नका. त्याचा उजेड सापाला दिसतो आणि दिवस-रात्रीचा फरकच पुसला जातो. आतून तापणारे कृत्रिम दगडही टाळा. ते एका जागी भलतेच तापतात आणि साप त्यावरून उठत नाही.

हे न उठणं नीट समजून घ्या. सापाला ऊब वरून मिळायची सवय असते. पोटाखालून हळूहळू भाजत असताना तो चटकन बाजूला होत नाही, आणि पोटावरचे खवले तपकिरी पडल्यावर मालकाच्या लक्षात येतं. म्हणूनच तळाखाली लावायची हीट मॅट आम्ही दुय्यम मानतो. प्लास्टिकच्या डब्यात वाढवलेल्या पिल्लासाठी ती चालते, पण तिच्या अटी आहेत. ती तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच असावी. पेटी खालून बोटभर उचललेली असावी, नाहीतर ऊब कोंडते. आणि तिच्यावरचा भुशाचा थर दोन सेंटिमीटरपेक्षा जाड नसावा. थर जाड झाला की वरून सगळं गारच लागतं, खाली तळ तापत राहतो, आणि भुसा उकरून खाली गेलेला साप थेट त्याच्यावर जाऊन बसतो. मॅट हवा तापवत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून हीटरची वीज आपोआप कमी-जास्त करणारं यंत्र. खर्चाची काटछाट करायची असेल तर शोभेच्या फांद्यांत करा, यात करू नका. हीटरला स्वतःला कधी थांबायचं ते कळत नाही. साधी हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय ५० अंशांच्या आसपास जाऊ शकते. थर्मोस्टॅट तीन प्रकारचे मिळतात. चालू-बंद करणारा सर्वांत स्वस्त असतो आणि मॅटला ठीक चालतो. ठोक्याठोक्याने वीज सोडणारा सिरॅमिक हीटरला चांगला, पण त्यावर दिवा लावला तर तो लुकलुकत राहतो. दिव्याला मंद-प्रखर करणारा डिमिंग थर्मोस्टॅट लागतो. हॅलोजनला चालू-बंद वाला जोडला तर दिवा दिवसभर पेटत-विझत राहतो, साप अस्वस्थ होतो आणि बल्ब लवकर जातो.

थर्मोस्टॅटची तार जिथे संपते, तो संवेदक, ज्याला दुकानदार प्रोब म्हणतो, तोच त्याचा एकमेव डोळा. दिव्यासाठी तो दगडाच्या कडेला, सापाच्या पाठीच्या उंचीवर, वीजजोडणी करणारे वापरतात तसल्या केबल टायने किंवा स्क्रूच्या क्लिपने घट्ट बसवा. मॅटसाठी मॅट आणि पेटीचा तळ यांच्या मधे. नुसता आत सोडून देऊ नका. साप त्याला ढकलतो, तो थंड टोकाला जाऊन पडतो, थर्मोस्टॅटला तिथले २३ अंश दिसतात आणि तो हीटर पूर्ण जोरात चालू ठेवतो. यंत्र त्याच्या परीने बरोबर काम करत असतं आणि साप भाजत असतो. प्रोब पाण्यात पडला किंवा सापाने त्यावर शी-शू केली तरी हेच होतं, कारण ओला प्रोब गार दिसतो.

थर्मोस्टॅटवर दिसणारा आकडा आणि साप ज्यावर बसतो तिथलं तापमान यांत तीन-चार अंशांचा फरक सहज असतो. म्हणून मोजायला वेगळी साधनं ठेवा. पृष्ठभागासाठी लांबूनच तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन, आणि हवेसाठी दोन डिजिटल थर्मामीटर, एक गरम टोकाला आणि एक थंड टोकाला. किमान-कमाल आकडा लक्षात ठेवणारे घ्या, म्हणजे पहाटे चारला काय झालं ते सकाळी कळतं. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर घेऊ नका. ते भिंतीजवळची हवा मोजतात, तीही धड नाही.

जुळवणी अशी करा. थर्मोस्टॅट २९ वर लावा. दोन तास काहीही न करता थांबा, कारण दगड तापायला वेळ लागतो. गनने दगडाचा मध्यभाग मोजा. ३१ च्या खाली असेल तर अर्धा-एक अंश वाढवा, पुन्हा तासभर थांबा. इथे घाई करणारे लोक आकडा वाढवत सुटतात आणि संध्याकाळी दगड ३८ वर गेलेला आढळतो. ३५ च्या वर तो कधीच जाता कामा नये. पूर्ण जोरात चालूनही दगड ३१ गाठत नसेल तर दिवा जास्त वॉटचा घ्या. उलट, थर्मोस्टॅट दिव्याला सतत अगदी मंद ठेवत असेल तर दिवा गरजेपेक्षा मोठा आहे. तो बदला, कारण थर्मोस्टॅट बिघडलाच तर हाच मोठा दिवा पेटी भट्टीसारखी तापवेल.

विजेचं थोडक्यात. तार सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली झोका घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडतं. विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या सुरक्षित सॉकेटमध्येच जोडा. खोलीत धुराची सूचना देणारा अलार्म ठेवा. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट, ब्रिटनमध्ये २३०. देश बदलताना हीटर आणि थर्मोस्टॅट सोबत नेऊ नका, तिथलेच घ्या.

ऊब बरोबर लावूनही साप गारठलेला राहतो, असंही होतं, आणि त्याचं कारण लपायच्या जागेत सापडतं. सापाला ऊब हवी असते, पण त्याहून आधी त्याला लपायला हवं असतं. पेटीत एकच बीळ असेल आणि ते थंड टोकाला असेल तर साप तिथेच बसून राहतो, उपाशी पोटी आणि गार अंगाने. ऊब हातभर अंतरावर असते, पण उघड्यावर जाऊन ती घ्यायची त्याची तयारी नसते. म्हणून बिळं दोन हवीत, शक्यतो एकसारखी, एक गरम टोकाला आणि एक थंड. बीळ अंगाला सगळीकडून टेकेल इतकं अरुंद असावं. ऐसपैस बीळ आपल्याला बरं दिसतं, सापाला त्यात सुरक्षित वाटत नाही. मधल्या भागात सालीचे तुकडे, प्लास्टिकची पानं, आडव्या फांद्या टाका, म्हणजे या बिळातून त्या बिळात जाताना तो आडोशाने जाईल.

तळाला अ‍ॅस्पेन या झाडाचा भुसा उत्तम, त्यात कॉर्न स्नेक बोगदे करतो. पण तो भिजला की बुरशी धरतो. नारळाच्या सोडणाचे तुकडे ओल जास्त चांगली सांभाळतात. थर पाच ते दहा सेंटिमीटर, अर्थात खाली मॅट नसेल तर. देवदार आणि पाइनचा भुसा टाळा, त्यातल्या तेलांचा वास सापाच्या श्वसनाला बाधतो. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्के. काचेवर सतत पाण्याचे थेंब जमत असतील तर वारा कमी पडतोय. गार आणि दमट हवा एकत्र आली की फुप्फुसांचा संसर्ग होतो. साप तोंड उघडं ठेवतो, नाकाशी बुडबुडे येतात, श्वासाला आवाज येतो. हे दिसलं तर घरगुती उपाय न करता सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठावा. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात. तेव्हा झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात ओलं शेवाळ भरून ठेवा. त्यात बसून साप कात एकसंध टाकतो आणि डोळ्यांवरचे पापुद्रे मागे राहत नाहीत. टाकलेल्या कातेत ते आले की नाही, ते दर वेळी तपासा.

साप आणण्याआधी ही पेटी रिकामीच आठवडाभर चालवा. सकाळी, दुपारी आणि पहाटे आकडे लिहून ठेवा. याच आठवड्यात कळतं की रविवारी घराचा हीटर बंद ठेवला तर थंड टोक १७ वर जातं, किंवा दुपारी पडदा उघडा राहिला तर २९ वर. पिल्लू आधी आणून मग पेटी लावणं, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक.

पिल्लू आलं की पाच-सात दिवस त्याला हात लावू नका, फक्त पाणी बदला. पेटीत हात घातल्यावर दर वेळी साबणाने धुवा, सापाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना साप हाताळू देऊ नये. पहिलं भक्ष्य आठवड्यानंतर: गोठवलेलं उंदराचं पिल्लू, सापाच्या सर्वांत जाड भागाएवढं किंवा किंचित जाड. त्याचा बर्फ रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या आणि द्यायच्या आधी गरम पाण्यात कोमट करा. मायक्रोवेव्हमध्ये नको, ते आतून शिजतं. पिल्लाला दर ५ ते ७ दिवसांनी, मोठ्याला १० ते १४ दिवसांनी. खाल्ल्यावर ४८ तास हातात घ्यायचं नाही. त्या काळात तो बहुधा गरम बिळात जाऊन बसतो, आणि तसं झालं तर पेटी बरोबर लागली आहे.

पुढेही सापाकडेच बघत राहा. दिवसरात्र दिव्याखालीच पडून असेल तर बाकी पेटी गार आहे. थंड टोकाच्या कोपऱ्यात चिकटून असेल किंवा पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसत असेल तर गरम होतंय. आकडे ठीक असूनही पाण्यात बसत असेल तर खवल्यांखाली खसखशीएवढे काळे माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, शोधा. काचेवर नाक घासत सतत फिरत असेल तर आडोसा कमी पडतोय किंवा उबेचा उतार बिघडलाय.

वीज गेली तर घाबरू नका. कॉर्न स्नेक एक-दोन दिवस १८ अंशांत राहू शकतो. पेटीभोवती गोधडी गुंडाळा, हवेची फट मोकळी ठेवा, आणि वीज येऊन गरम टोक पुन्हा ३१ वर स्थिर होईपर्यंत खायला देऊ नका. नुकतंच खाल्लेलं असेल तर मात्र गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून पेटीच्या बाहेरून, गरम टोकाच्या भिंतीला टेकवा आणि दर दोन तासांनी बदला.